राजूभाऊंच्या मशीनची आंघोळ

आपल्या हातून काही भलं काम व्हावं अशी हुक्की आली, की माणसानं कपभर चहा घ्यावा, पंखा लावावा आणि हुक्की जाईपर्यंत पडून राहावं. भूपेंद्र हटवारला हे फार उशिरा समजलं. तोवर त्याच्या दोन्ही हातांची कातडी सोड्यानं सोलून निघाली होती, कंबर कामातून गेली होती आणि मोठ्या भावाची मिलिंग मशीन अख्ख्या अंगणभर पसरली होती.

झालं ते असं. नवरात्राच्या पहिल्याच दिवशी राजकुमारभाऊ, म्हणजे राजूभाऊ, एकोडीला बहिणीकडे निघाले. जाताना त्यांनी दोघा भावांच्या सामाईक अंगणामागच्या टिनाच्या शेडची चावी भूपेंद्रच्या हातावर ठेवली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गुलाब कबाडीवाला गाडी घेऊन येईल, मी नवमीला परततो, दसऱ्याला मशीनची शेवटची पूजा करू आणि देऊन टाकू, एवढं सांगून ते बसमध्ये चढले. आवाजात राग नव्हता, दुःख नव्हतं, काहीच नव्हतं. भूपेंद्रला तेच खटकलं.

मिलिंग मशीन म्हटलं की भंडाऱ्यातला माणूस आधी विचारतो, दिवसाला धानाची पोती किती काढते? ही मशीन धान काढत नव्हती. हिच्या टेबलावर लोखंडाचा तुकडा आवळून बसवायचा आणि वरच्या फिरत्या पात्यानं त्याला हवा तसा कोरायचा, त्याला दाते पाडायचे. राजूभाऊंनी उभं आयुष्य तेच केलं. अर्ध्या जिल्ह्याच्या राइस मिलांची दातेरी चाकं या शेडमधून गेलेली. मग जिल्ह्याची वाटणी झाली, गोंदिया वेगळं झालं आणि तिकडची कामं हळूहळू तिकडंच राहू लागली. पुढं नागपूरहून तयार चाकं यायला लागली. शेवटी तर मालक लोक नवीन यंत्रच आणत आणि जुनं विकत. राजूभाऊंनी एके दिवशी मशीनवर ताडपत्री टाकली आणि ओसरीवर येऊन बसले, ते बसलेच. वहिनी आधीच गेलेल्या, पोरं पुण्याला. भूपेंद्रच्या घरून दोन वेळचं ताट जायचं. ते अर्धं परत यायचं. हल्ली भावाशी बोलणंही हूं आणि उहूं यापलीकडं जात नव्हतं. मशीन गेली तर भाऊ बसल्या जागी संपून जाईल, अशी भीती भूपेंद्रच्या पोटात घर करून होती. कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण सांगितलं की लोक उपाय सांगतात.

म्हणून त्यानं ठरवलं, भाऊ यायच्या आत मशीन खोलून, धुऊन, लख्ख करून ठेवायची. चकचकीत मशीन समोर दिसली तर भाऊचा विकायला हात धजणार नाही. बेत चांगला होता. त्यात उणं एवढंच, की भूपेंद्रचा जन्म भांड्यांच्या दुकानात गेलेला. पितळेची घागर टिचकी मारून पारखण्यात त्याचा हात कुणी धरला नसता, पण पान्यानं आजवर त्यानं फक्त गॅसची टाकी बदलली होती, तीही बायको शेजारी उभी असताना.

बायकोचं, करुणाचं, मत आधीच स्वच्छ होतं. “अजी, पोळ्यापासून दुकानातला पंखा पुसा म्हणून राहिली मी. तो नाही झाला तुमच्यानं, अन् हे खोलून राहिले?”

पंख्याचा आणि भावाचा संबंध नाही, असं भूपेंद्र मनातल्या मनात म्हणाला. मनातल्या मनात तो फार बाणेदार बोलत असे.

खोलायला शेजारचे परसराम आले. परसराम एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. जगातल्या कुठल्याही कामात पुढं काय करायचं हे त्यांना ठाऊक असे, फक्त हात लावायचा नसे. त्यांनी खुर्ची मागवली, शेडच्या दारात टाकली आणि सांगितलं, की खोलणं सोपं असते, दर टप्प्याला मोबाइलवर फोटो काढत जा, मग जोडताना उलटे पाहत या. हा सल्ला खरंच चांगला होता. भूपेंद्रनं प्रत्येक पेच काढताना भक्तिभावानं फोटो काढला. शेवटी समजलं, की नातेवाइकांनी रोज सकाळी पाठवलेल्या गुलाबाच्या फुलांनी आणि सुविचारांनी मोबाइल काठोकाठ भरलेला होता आणि पहिल्या टप्प्यानंतर एकही फोटो त्यात मावला नव्हता. पहिल्या फोटोत ताडपत्री होती.

मशीनचं टेबल म्हणजे लोखंडाची भली जाड शिळा. ती उचलायला चौकातल्या देवीच्या मंडळाकडून लांब लाकडी बल्ल्या आणि दोर आणले. शेडमध्ये बल्ल्यांची तिकाटणी उभी राहिलेली पाहून मंडळाची माणसं विचारपूस करायला आली. एका गल्लीत दोन देव्या बसवणं बरं दिसत नाही, हे त्यांनी समजुतीच्या स्वरात सांगितलं. भूपेंद्रनं मशीन दाखवली तरी त्यांचा विश्वास बसेना, कारण इतका खटाटोप माणूस देवीसाठीच करतो. जाताना ते वर्गणीची पावती फाडून गेले. टेबल मात्र सुखरूप खाली आलं, बल्ल्यांवरून सरकत अंगणात पोचलं, आणि ते येताना भूपेंद्रच्या कमरेतून जो आवाज आला तो परसरामनाही दारात ऐकू गेला.

लहान भागांचा प्रश्न भूपेंद्रनं धंद्याच्या पद्धतीनं सोडवला. दुकानातून परात, कळशी, गुंड, घागर असं एकेक भांडं आणलं आणि एकेका जागेचे पेच एकेका भांड्यात ठेवले. टेबलाचे पेच परातीत, चाकाचे कळशीत, वरच्या दांडीचे घागरीत. हे सगळं ओळीनं दुकानाच्या मागच्या खोलीत मांडलं. एवढी शिस्त आपल्यात आहे हे पाहून तो स्वतःच थोडा भारावला.

आता धुणं. मशीन घासलेटनं धुतात एवढं त्याला माहीत होतं, म्हणून तो रेशनच्या दुकानात गेला. टांगा कुठून सुटतो असं विचारणाऱ्याकडं पाहावं तसं दुकानदारानं त्याच्याकडं पाहिलं. घासलेट बंद होऊन जमाना झाला, हवंच असेल तर कचेरीतून परवानगी आणा, असं तो म्हणाला. तो हे थट्टेनं म्हणाला हे भूपेंद्रच्या ध्यानात आलं नाही, आणि तो खरंच कचेरीत गेला. तिथल्या बाबूनं विचारलं, घासलेट कायले? मशीन धुवाले. कायची मशीन? मिलिंगची. बाबूनं लगेच त्याला राइस मिलांचं काम पाहणाऱ्या टेबलाकडं धाडलं. त्या टेबलावरच्या साहेबांनी सरकारी धान भरडायचा करार केला आहे का, केला नसेल तर का नाही केला, आणि भरडाई चालू असेल तर कोणाच्या परवानगीनं, असे प्रश्न विचारले. ही मशीन लोखंड कापते, तांदूळ काढत नाही, हे समजावता समजावता जेवणाची सुट्टी झाली. सुट्टीनंतर एका जुन्या बाबूनं त्याला जिन्यापाशी बाजूला घेतलं. “तुमच्या घरी गॅस हाय ना? मग घासलेट मागून रेकॉर्डवर कायले येता? गॅसच्या कनेक्शनवर येईल बात.” भूपेंद्रनं अर्जाची घडी करून खिशात घातली आणि घरी आला. पेट्रोल पंपावर बाटलीत डिझेल मिळालं नाही, पंपावरच्या माणसानं नुसतं पाटीकडं बोट दाखवलं. भूपेंद्रनं ती पाटी दोनदा वाचली, जणू दुसऱ्यांदा वाचल्यावर तिचं मन वळलं असतं.

मग त्यानं घरचा धुण्याचा सोडा काढला, अंगणात चूल पेटवून पाणी कढवलं आणि मशीनचा एकेक भाग त्यात बुडवून घासायला घेतला. राजूभाऊंनी वर्षानुवर्षं जपलेला तेला-ग्रीसचा थर काळ्या साबणासारखा निघून नालीत गेला. हाताची आग होत होती, डोळ्यांत वाफ जात होती आणि परसराम दारातून सांगत होते, की अजून थोडं घासा. लोखंड निघालं ते करड्या रंगाचं, अंगावर धागा नसलेल्या माणसासारखं ओशाळलेलं.

तेवढ्यात घागर विकली गेली.

त्याचं असं झालं, की भूपेंद्र सोड्यात गुंतलेला असताना करडी गावचे जागेश्वर नावाचे शेतकरी घागर घ्यायला आले. दुकानात समोर एकच होती, तिला पोचा होता. करुणानं मागच्या खोलीतली चांगली काढून दिली. घागर जड लागली तेव्हा जागेश्वर खूश झाले, हल्ली असा भरीव माल मिळत नाही म्हणाले आणि कापड बांधून घेऊन गेले. आत मशीनचे पेच होते, हे करुणाला भूपेंद्रचा चेहरा पाहिल्यावर समजलं.

अशा वेळी नवऱ्यानं ओरडावं अशी रीत आहे. भूपेंद्रच्या अंगात तेवढा जोर उरला नव्हता. त्यानं चपला घातल्या आणि करडीची गाडी पकडली. तिथं जागेश्वरच्या घरी घागर देवीपुढं पाणी भरून ठेवलेली होती. पेच मात्र त्यांनी दुकानाकडून सणाची भेट समजून घेतले होते आणि ट्रॉलीच्या फाळक्याला ठोकून बसवले होते. भेट दिलेली वस्तू परत मागणारा दुकानदार त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता. त्यांनी पेच काढून दिले, पण काढताना गावातल्या चार माणसांना बोलावून दिले. येताना गाडीत उभं राहावं लागलं. खिशातले पेच मांडीला टोचत होते आणि आपण हे कुणासाठी करतो आहोत, हे भूपेंद्रला थोडा वेळ खरंच आठवेना.

घरी पोचला तर अंगणात चांदणं सांडल्यागत लख्ख झालेलं.

करुणाला घागरीचं फार लागलं होतं. भरपाई म्हणून तिनं गल्लीतल्या निर्मलाबाईंना बोलावलं. निर्मलाबाईंच्या घरचं पितळ अख्ख्या भंडाऱ्यात नावाजलेलं. दिवाळीत त्यांच्या ओट्यावर मांडलेल्या गुंडांत लोक भांग पाडून घेत. त्यांनी मशीनकडं एकदा पाहिलं, पदर खोचला आणि चिंच भिजत घातली. चिंच, मीठ आणि चुलीतली राख. भंडाऱ्याच्या बाईला साफ करायला दिलेली कुठलीही वस्तू याच तीन गोष्टींनी साफ होते, अशी श्रद्धा आहे, आणि भांड्यांच्या बाबतीत ती आजवर कधी खोटी ठरलेली नाही. दोघींनी दिवसभर खपून टेबल, दांडी, चाकं, सगळं घासलं, विहिरीच्या पाण्यानं खळखळून धुतलं आणि सुटे भाग खाटांवर वाळत टाकले.

लोखंड आरशासारखं चमकत होतं. आतले पितळी भाग तर सोन्यासारखे. भूपेंद्र भांड्यांचाच माणूस. त्यालाही चिंच लोखंडाला लावतात की नाही हा प्रश्न पडला नाही. त्याचे डोळे भरून आले. त्यानं करुणाला म्हटलं, “भाऊ पाहीन तर वेडा होऊन जाईन.” निर्मलाबाईंना त्यानं एक स्टीलचा डबा भेट दिला, आत काही नाही याची खात्री करून. त्या रात्री तो कित्येक दिवसांनी ढाराढूर झोपला.

नवमीला सकाळी तो दात घासत अंगणात आला आणि तोंडात ब्रश तसाच राहिला. सगळं लोखंड लाल झालं होतं. नुसतं डागाळलेलं नव्हे, अंगभर, गेरू फासल्यासारखं लालभडक. टेबल लाल, दांडी लाल, ज्या बारीक रेघांवर राजूभाऊ केसाएवढं माप धरायचे त्या रेघांवर लाल भुकटी. पितळी भाग मात्र अजून सोन्यासारखे होते, आणि त्यामुळं बाकीचं जास्तच भयंकर दिसत होतं.

निर्मलाबाईंनी येऊन पाहिलं आणि पहिल्यांदा लोखंडालाच दोष दिला. परसराम म्हणाले, की हे होणार हे त्यांना कालच दिसलं होतं. मग कालच का नाही बोलले, असं विचारल्यावर म्हणाले, कोणी विचारलं नाही. भूपेंद्रनं घरातलं खोबरेल आणलं, ते संपल्यावर जवसाचं तेल आणलं आणि हातानं फासायला सुरुवात केली. लाली गेली नाही, चिकट झाली. त्यावर अंगणातली धूळ बसली. एक कोंबडी येऊन टेबलावरून चालत गेली आणि तिच्या पायांचे ठसे तेवढे उठले.

एकोडीची गाडी वेळेवर येण्यासाठी कधी प्रसिद्ध नव्हती. त्या दिवशी ती वेळेआधी आली.

राजूभाऊ फाटकातून आत आले, हातात बहिणीनं दिलेली पोह्यांची पिशवी. त्यांनी अंगण पाहिलं. एका खाटेपाशी गेले, दुसऱ्या खाटेपाशी गेले. टेबलावर बोट फिरवलं, बोट नाकाशी नेऊन वास घेतला.

“चिंच?”

निर्मलाबाईंनी पदर सारखा केला. भूपेंद्रला वाटलं, धरणी फाटावी. आणि भावाला अजून उरलेली एक वस्तू होती, तीही आपण नासवली, हे त्याला जिव्हारी लागलं. राजूभाऊंनी पिशवी खाली ठेवली, शेडमध्ये गेले आणि पोत्यांच्या मागून घासलेटचा भरलेला डबा घेऊन बाहेर आले. तो तिथंच होता, इतके दिवस. भूपेंद्र त्या डब्याकडं पाहत राहिला. रेशनचं दुकान, कचेरी, राइस मिलांचे साहेब आणि पंपावरची पाटी, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं.

त्यानंतर जे झालं ते फारसं सुंदर नव्हतं. राजूभाऊंनी तोंड उघडलं आणि बंद केलं नाही. सोड्यासाठी शिव्या, चिंचेसाठी वेगळ्या, जवसाच्या तेलासाठी सगळ्यात जास्त. परसरामची खुर्ची उचलून रस्त्यावर ठेवली. भूपेंद्रच्या हातात चिंधी आणि पॉलिश पेपर दिला आणि सांगितलं, की इथून इथवर, एका दिशेनं, आडवं-तिडवं केलं तर हात तोडीन. भूपेंद्र खाली बसला. कंबर ओरडत होती, सोललेल्या हातांना घासलेट झोंबत होतं, आणि तो मान खाली घालून घासत होता. करुणा जेवायला बोलावून गेली. राजूभाऊ उभ्याउभ्या जेवले. ताट कोरं होऊन परत गेलं, हे भूपेंद्रनं पाहिलं आणि पुन्हा घासायला लागला.

दसऱ्याला पूजा झाली नाही. गल्लीत घरोघरी अवजारांना हळदकुंकू लागलं, करुणानं आरती तयार ठेवली, पण राजूभाऊ म्हणाले, असल्या अंगाला कुंकू लावत नसतात. दिवसभर दोघं भाऊ घासत राहिले. सोनं द्यायला आलेल्या लोकांनी आपट्याची पानं हातावरून न देता डोक्यावर ठेवली, कारण हात कोपरापर्यंत काळे होते.

दुसऱ्या दिवशी गुलाब कबाडीवाला आला. सोबत गाडी आणि उचलायला चार दणकट माणसं. मशीन आधीच खोललेली पाहून तो खूश झाला, फोडायचे कष्ट वाचले. तो माणसांना म्हणाला, चला, लावा हात.

राजूभाऊ उठले. “थांब गुलाब. असा माल मी देत नाही.”

गुलाबला कळेना. “भाऊ, भट्टीतच जाणार हाय. जंग असला काय, नसला काय. मले काय फरक पडते?”

“तुले नाही पडत. मले पडते. लोक म्हणतीन, राजकुमारनं मशीन अशी ठेवली होती.” एवढं बोलून ते त्या चार माणसांकडं वळले आणि नेहमीच्या कामावर बोलवलेली माणसं असावीत अशा आवाजात म्हणाले, “टेबल झालं साफ. धरा तिकून. दोघं इकडं. सांभाळून, बोट ठेवू नका खाली.”

ती माणसं कष्टाची, उचल म्हटलं की उचलायची सवय. त्यांनी गुलाबकडं पाहिलंही नाही. मशीन न्यायला आलेल्या चार माणसांनी टेबल उचललं, शेडमध्ये नेलं आणि राजूभाऊ सांगतील तसं इंचाइंचानं सरकवत मशीनच्या धडावर बसवलं. गुलाब अंगणात चहाचा कप धरून उभा होता. मग कधी येऊ, असं त्यानं विचारलं. साफ झाल्यावर पाहू, असं उत्तर मिळालं. अंगणात अजून किती भाग पडलेत हे त्यानं मोजायला सुरुवात केली, अर्ध्यात सोडून दिलं आणि रिकामी गाडी घेऊन निघून गेला.

भूपेंद्र ओट्यावर टेकला. अंगातली हाडं वेगवेगळी दुखत होती. दुकान इतके दिवस धड उघडलेलं नव्हतं, गिऱ्हाइकं तुटली असतील, पंखा अजून तसाच होता, आणि मशीन पुन्हा जोडायची तर फोटो एकच, ताडपत्रीचा. शेडमधून राजूभाऊंच्या पान्याचा आवाज येत होता. तो थांबला आणि ते दारात आले, कपाळावर काळा पट्टा ओढलेला. पंधरवड्यापूर्वी या माणसाच्या तोंडून एक हूं निघायला दहा हाका माराव्या लागत होत्या.

“भुप्या, उद्या दुकान उघडू नको. मले हात पायजेत.”

भूपेंद्रनं आपल्या सोललेल्या हातांकडं पाहिलं. त्याला रडू येत होतं, आणि ते दमल्यामुळं की कशामुळं हे त्यालाही सांगता आलं नसतं.

“किती वाजता येऊ, भाऊ?”